डावी पापणी

मुंगी सहा आठवडे आधीच जन्माला आली. वजन एक किलो आठशे ग्रॅम. सिस्टरने कापडात गुंडाळून बापाच्या हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "अरे, ही तर मुंगी आहे!" तेच नाव पडलं. दाखल्यावर पुढे दुसरं, चांगलं चार अक्षरी नाव लिहिलं गेलं, पण ते दाखल्यावरच राहिलं.

बापाला सगळा बाजार फोटोवाला म्हणून ओळखायचा. बसस्थानकासमोर, औषधाच्या दुकानाच्या वर त्याचा स्टुडिओ होता. एक पांढरा पडदा, एक निळा पडदा, छत्री लावलेले दोन दिवे, गोल फिरणारं स्टूल आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. ओळखपत्राचे, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढायचे आणि साफ करून द्यायचे, हा धंदा. साफ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुरूम, चट्टे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं तो असं पुसायचा की पुसलंय हे कळायचं नाही. "तुम्ही फक्त सरळ बसा, बाकीचं मी बघतो," असं तो प्रत्येकाला सांगायचा. लोक फोटो हातात घेऊन म्हणायचे, "अगदी माझ्यासारखा आलाय!" त्यावर तो मनातल्या मनात हसायचा.

बारा वर्षांत त्याने एक गोष्ट पाहिली होती. चेहऱ्यावर डाग असलेलं माणूस स्टुलावर बसलं की आपणहून चांगली बाजू पुढे करतं. त्याला सांगावं लागत नाही. हनुवटी जरा वळते, केस जरा पुढे येतात. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं ते.

त्याची बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काम करायची. बोलायला रोखठोक. पत्ता अपुरा असेल तर पार्सल परत ढकलायची, मग समोर कोणी का असेना. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा गर्भ राहून पडला होता. आता ही मुंगी.

दहाव्या दिवशी अंघोळीनंतर पुसताना बायको म्हणाली, "हे बघ काय आहे."

डाव्या वरच्या पापणीवर फिकट गुलाबी ठिपका होता. बोटाने दाबला की जायचा, सोडला की परत यायचा.

"डास चावला असेल," तो म्हणाला.

"मच्छरदाणीत?"

त्याच दिवशी त्याने नातेवाइकांना पाठवायला मुंगीचा फोटो काढला आणि पाठवण्याआधी तो ठिपका पुसला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हात आपोआप गेला. सगळ्यांनी लिहिलं, किती गोड, कोणावर गेलीय. ठिपका कोणालाच दिसला नाही, कारण तो नव्हताच.

तिसऱ्या आठवड्यात ठिपका वर आला. लाल झाला आणि डाळिंबाचे दाणे एकाला एक चिकटावेत तसा दिसायला लागला. जवळचे बालडॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"रक्तवाहिन्यांची गाठ आहे ही. जन्मखुणेचाच एक प्रकार. कमी दिवसांच्या मुलींना जास्त होते. आधी वाढते, मग थांबते, मग चार-पाच वर्षांत आपली आपण विरते. पाठीवर असती तर मी म्हटलं असतं, विसरून जा."

"पण?" बायकोने विचारलं.

"पण पापणीवर आहे. तिच्या वजनाने डोळा झाकला तर गडबड. मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवून ठेवा."

मोठं रुग्णालय पाच तासांवर, दुसऱ्या शहरात. नशीब असं की फोटोवाल्याची थोरली बहीण तिथेच नर्स होती, कानाच्या विभागात. त्याने तिला फोन लावला. ताईने दोन दिवसांत सगळं जमवून आणलं.

"नीट ऐक," ती म्हणाली. ताई घरीसुद्धा वॉर्डात असल्यासारखीच बोलायची. "मॅडमकडे तीन महिन्यांची यादी आहे. तुमचं नाव घातलंय. एवढ्याशा पोरीला उगाच बसमधून आणू नका, म्हणाल्या. दर रविवारी एक फोटो पाठवायचा, समोरून, चांगल्या उजेडात. डोळा झाकायला लागला तर यादी बाजूला ठेवून त्या लगेच आत घेतील. कळलं?"

"कळलं."

"आणि तिला सांग." 'तिला' म्हणजे बायकोला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कुकरच्या झाकणावरून नणंद-भावजयीत जी ठिणगी पडली, तेव्हापासून दोघींचं बोलणं त्याच्या तोंडून चालायचं.

पहिल्या रविवारी बायको जेवत असताना तो मुंगीला स्टुडिओत घेऊन गेला. पांढऱ्या पडद्यापुढे पिवळ्या दुपट्यावर ठेवलं, दिवे लावले, फोटो काढला. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. घरात, पंख्याखाली, आईच्या कुशीत ती गाठ एवढी दिसत नव्हती. इथे ती सगळ्या चेहऱ्याची मालकीण होऊन बसली होती.

दिव्यांमुळे लाल रंग जास्त येतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते थोडंफार खरंही होतं. शिवाय ताईच्या फोनमध्ये गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांना कळते, हेही खरं होतं. मावश्या, आत्या, सगळ्या तो फोटो एकमेकींना पाठवणार, बोटांनी मोठा करून बघणार. त्याने लाल जरा कमी केला. कडा जरा आत घेतल्या. अगदी जरा. मग फोटो पाठवला.

ताईचा निरोप आला: मॅडमनी पाहिला. लहान आहे, डोळा उघडा आहे. ठीक. यादीप्रमाणे या.

दुसऱ्या रविवारी गाठ दीडपट झाली होती. आता खरा फोटो पाठवावा, असं त्याच्या मनात आलं. पण मागच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवला तर दीडपट नव्हे, तिप्पट दिसत होती. ताईने विचारलं असतं, एका आठवड्यात एवढी? त्याने मागच्या फोटोला शोभेल एवढीच ठेवली. तिसऱ्या रविवारी तेच. दर आठवड्याला खऱ्या आणि पाठवलेल्या फोटोतलं अंतर वाढत होतं. मागे जायची वाट लांबत होती आणि पुढच्या रविवारी ती आणखी लांब होणार हे त्याला कळत होतं. सगळे मूळ फोटो त्याने ठेवले होते. एकही खोडला नव्हता. का ठेवले, हे त्याला सांगता आलं नसतं.

सहाव्या आठवड्यात पापणी अर्धी खाली आली.

"ताई काय म्हणतात?" बायको विचारायची.

"मॅडम म्हणतात ठीक आहे. यादीप्रमाणे या."

"फोटो बघून म्हणतात ना?"

"फोटो बघूनच."

त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. ते ऐकून बायको गप्प बसायची. मोठ्या डॉक्टर दर आठवड्याला बघतायत आणि थांबा म्हणतायत, तर आपण कोण? ती दिवसभर खिडकीशी बसू लागली. मुंगीला मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याने ती जड, गरम पापणी वर उचलून धरायची. खालचा डोळा चांगला होता. काळाभोर, स्वच्छ. "बघ, ती कबुतरं बघ. तो दूधवाला बघ. बघून घे गं," असं ती पुटपुटायची. मुंगी पाच-सात मिनिटं बघायची, मग किंचाळायची. बायको थांबायची, दूध पाजायची, परत अंगठा लावायची. तिच्या अंगठ्याला कळ लागायची. भांडी घासताना तो वाकायचा नाही.

"अगं, डॉक्टर थांबा म्हणतायत," तो म्हणायचा.

"मी कुठे काय करतेय? नुसता धरलाय."

आठव्या आठवड्यात डोळा पूर्ण मिटला. रविवारी फोटोवाल्याने दुपट्यावर ठेवून दहा-बारा फोटो काढले. प्रत्येकात उजवा डोळा छताकडे बघत होता आणि डावीकडे नुसता लाल गोळा. तो कॉम्प्युटरपुढे बसून राहिला. मग त्याने उजवा डोळा कापून घेतला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. वर थोडा लाल रंग ठेवला, पापणीची सावली ठेवली. काम सुरेख झालं होतं. त्याने ते पाठवलं आणि स्टुडिओतले दिवे विझवले.

निरोप आला: ठीक.

नवव्या आठवड्यातल्या रविवारीही त्याने तेच केलं.

बायकोने मग हद्द केली. कागदाची चिकटपट्टी आणून पापणी कपाळाला चिकटवली. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, पट्टी काढताना पापणीची कातडी सोबत निघाली आणि गाठीतून रक्त आलं. फार नाही, पण थांबेना. बायको कापूस दाबून धरून बसली होती, तिचा झगा लाल झाला होता, मुंगीचा आवाज बसला होता.

"मी काय केलं हे," ती म्हणत होती. "मी काय करून ठेवलं. आंधळं केलं मी माझ्या लेकराला."

"तू नाही," तो म्हणाला.

"मग कोणी?"

त्याने दुपट्यासकट मुंगीला उचललं. बालडॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मलम लावलं, रक्त थांबलं. "अजून बोलावलं नाही तुम्हाला? आश्चर्य आहे," म्हातारे म्हणाले आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दोघींना घरी सोडून तो स्टुडिओत आला. दुपारचा एक वाजला होता. खाली बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारत होते. त्याने मूळ फोटो काढले, सातच्या सात, तारखेच्या क्रमाने लावले आणि ताईला पाठवले. खाली लिहिलं, "हे खरे आहेत. आधीचे मी साफ केलेले."

पाच मिनिटांत फोन आला.

"तू शुद्धीवर आहेस का?" ताई ओरडत नव्हती. तिचा आवाज इतका हळू त्याने कधी ऐकला नव्हता. "मी ते फोटो मॅडमच्या हातात दिले रे. माझ्या हाताने."

"ताई..."

"आत्ताची गाडी पकडा. मी मॅडमना गाठते. आणि ऐक, तिला तू सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

"इथे यायच्या आत सांग."

पाच तासांच्या प्रवासात त्याने शंभरदा तोंड उघडलं. बायको खिडकीशी बसली होती, मुंगीला छातीशी धरून. अचानक बोलावलं म्हणजे काहीतरी वाईट असणार, एवढं तिने ओळखलं होतं. एकदाच तिने विचारलं, "का बोलावलं रे एकदम?"

"रक्त आलं म्हणून," तो म्हणाला. मग तो बाटलीतलं पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते डॉक्टरांच्या खोलीत होते. डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, पांढऱ्या कोटाच्या खिशाला लाकडी माकड लटकवलेलं. ताई दाराशी उभी होती. डॉक्टरांनी मुंगीची पापणी वर करून बराच वेळ उजेड टाकून पाहिलं.

"डोळा किती दिवस बंद आहे?"

"पूर्ण बंद सोळा दिवस. त्याआधी दोन आठवडे अर्धा," बायको म्हणाली. तिला पाठ होतं. "तुम्ही पाहिलंच आहे मॅडम. दर रविवारी फोटो येत होते ना."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. डॉक्टरांनी मग कॉम्प्युटरचा पडदा बायकोच्या बाजूला वळवला.

"हा मागच्या रविवारचा. माझ्याकडे आलेला."

बायको पुढे वाकली. दोन टपोरे डोळे छताकडे बघत होते. तिने मान हलवली.

"नाही मॅडम. काहीतरी गोंधळ झालाय तुमच्याकडे. ही आमची मुलगी नाही."

बायकोची नजर फोटोतल्या पिवळ्या दुपट्यावर गेली. तेच दुपटं तिच्या मांडीवर होतं. तिने दुपट्याचा कोपरा उचलला, त्यावरचा चहाचा डाग पाहिला, मग पडद्यावरचा डाग पाहिला.

"मी केलंय ते," फोटोवाला म्हणाला. "उजवा डोळा डावीकडे लावला. आधीचेही मीच... सगळे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. डोळा आतून चांगला आहे. पण बघायचं काम नुसता डोळा करत नाही, मेंदू करतो, आणि या वयात मेंदू बघायला शिकत असतो. एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्याच्याकडून येणारं सगळं बंद करून टाकतो. मग पुढे पापणी उघडली तरी तो डोळा बघत नाही. एकेक आठवडा मोलाचा असतो. एक औषध आहे, मुळात मोठ्या माणसांच्या हृदयाचं, त्याने या गाठी आकसतात. पण त्याने ठोके मंदावतात, रक्तातली साखर उतरते. एवढ्याशा मुलीला ते इथे ठेवूनच सुरू करावं लागेल. प्रत्येक वेळी दूध पाजूनच औषध, दूध नाही प्यायली तर औषध नाही.

"आणि डोळा येईल?" बायकोने विचारलं.

"प्रयत्न करू. आज मी शब्द देणार नाही."

बाहेर आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"मी अंगठा दुखेस्तोवर तिची पापणी धरून बसत होते, तेव्हा तू तिकडे बसून तिचा एकच डोळा दोनदा वापरत होतास."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला नकोय. आत येऊ नकोस."

वॉर्डात एका वेळी एकालाच राहता यायचं. आत बायको राहिली. तो व्हरांड्यात लाकडी बाकावर बसला. समोर काचेचं दार होतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला पांढरा रंग दिलेला. वरच्या अर्ध्यातून छत आणि पंखा दिसायचा. ताई दुपारच्या सुट्टीत यायची, आत जायची, बाहेर येऊन दोन वाक्यं बोलायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "पहिला डोस झाला. बरी आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ती जेवत नाहीये. मी डबा दिला तर घेतला. धन्यवाद म्हणाली मला." नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी त्याच्याशिवाय बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काचेच्या दारामागे पावलं धावली. मग आणखी. कोणीतरी जोरात म्हणालं, "ग्लुकोज!" त्यात बायकोचा आवाज होता, एकच शब्द, "मुंगी! मुंगी!" तो उठून दाराशी गेला. दार उघडायला हात लावला आणि तो तिथेच थांबला. आत येऊ नकोस, म्हणाली होती. चवड्यांवर उभं राहिलं तर पंखा दिसत होता आणि एका नर्सचे वर धरलेले हात, त्यात सलाईनची बाटली. मुंगीचा आवाज येत नव्हता. नऊ आठवडे तिच्या रडण्याने त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. आता त्याने त्या रडण्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं. तो दाराच्या पांढऱ्या भागाला कपाळ टेकून उभा राहिला. मागच्या बाकावरच्या कोणीतरी त्याला पाणी देऊ केलं, त्याला ते ऐकूच आलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. ताई बाहेर आली.

"साखर उतरली होती. सकाळी दूध नीट प्यायली नव्हती, तरी डोस गेला. थंड पडली होती पोरगी. आता रडली."

"आता?"

"औषध थांबवलंय. वजन कमी आहे, मॅडम विचार करतायत."

"थांबवलं तर डोळा?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावेल असं त्याला वाटलं. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली आणि रुमालाने आपलाच चेहरा पुसत म्हणाली, "मला काय विचारतोस. मी कानाची नर्स आहे."

दोन दिवस औषध बंद राहिलं. ते दोन दिवस त्याने त्या बाकावर कसे काढले हे त्याने पुढे कोणाला सांगितलं नाही. मग निम्म्या मात्रेने परत सुरू झालं. दर दोन तासांनी दूध, दर वेळी टाचेला सुई टोचून साखर बघायची. सहाव्या दिवशी ताईने बाहेर येऊन सांगितलं की गाठीचा रंग उतरतोय, जांभळट झालीय, मऊ लागते. नवव्या दिवशी बायको स्वतः दारात आली. नऊ दिवसांत ती वाळून गेली होती.

"आत ये," ती म्हणाली. "मला आंघोळ करायचीय. दूध पंचेचाळीस मिनिटांनी. झोपली असली तरी उठवायचं. झोपू द्यायची नाही, कळलं?"

तो आत गेला. मुंगीच्या टाचा टोचून टोचून निळ्या झाल्या होत्या. डाव्या पापणीखाली एक बारीक फट होती, नखाएवढी. फटीतून काळं काहीतरी चमकत होतं.

घरी आल्यावर दीड महिन्यात पापणी निम्म्याहून जास्त उघडली. पण उजवा डोळा झाकून समोर खुळखुळा धरला तर मुंगी त्याच्याकडे बघायची नाही. आवाजाकडे मान वळवायची, डोळा नाही. डॉक्टरांनी चष्मा दिला, रबरी पट्टा असलेला, आणि उजव्या डोळ्यावर रोज तीन तास चिकटपट्टी. चांगला डोळा झाकायचा, म्हणजे दुसऱ्याला नाइलाजाने काम करावं लागतं.

बायकोची रजा संपली होती. ते तीन तास त्याच्या वाट्याला आले.

चांगला डोळा झाकला की मुलीचं जग जायचं. ती आधी स्तब्ध व्हायची, मग अशी किंचाळायची की खालच्या औषधवाल्याने दोनदा वर माणूस पाठवला. हातमोजे घातले तरी ती पट्टी खांद्यावर घासून काढायची. तो परत लावायचा. गिऱ्हाईक आलं की ते दारातूनच परत जायचं, "नंतर येतो" म्हणत. तो तिला कडेवर घेऊन स्टुडिओत येरझाऱ्या घालायचा, दिवे लावायचा, विझवायचा, चकाकणारं काही दिसेल ते डाव्या डोळ्यापुढे धरायचा. पहिले दोन महिने काही फरक पडला नाही. पट्टीच्या पाचव्या महिन्यात एका दुपारी त्याच्या हातात किल्ल्या होत्या, आवाज न करता धरलेल्या, आणि ती रडता रडता थांबली. किल्ल्या डावीकडे नेल्या. डोळा डावीकडे गेला. उजवीकडे नेल्या. गेला. त्याने पोस्टात फोन लावला आणि बायको "हं, बोल" म्हणाली तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"काय झालं? अरे, काय झालं?" ती ओरडली.

"काही नाही. किल्ल्या. तिने किल्ल्या बघितल्या."

पलीकडून बराच वेळ पार्सलांवर शिक्के मारल्याचे आवाज येत राहिले. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. दूध संपलं, गॅस लाव, पट्टी आण. भांडली असती तर बरं वाटलं असतं त्याला. एकदा तो म्हणाला, "एकदा काय ते बोलून टाक मला." ती म्हणाली, "बोलून झालं की तुला मोकळं वाटेल. मला नाही वाटणार," आणि कपडे वाळत घालायला गेली.

मुंगी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिची पहिली खरी तपासणी झाली. गाठीच्या जागी सुरकुतलेली, किंचित निळसर कातडी उरली होती. डॉक्टरांनी दूरच्या भिंतीवर चित्रं दाखवली. घर, चेंडू, सफरचंद, खाली खाली बारीक होत जाणारी. उजव्या डोळ्याने मुंगीने सगळी ओळखली आणि वर "हे काय सोपं" अशा नजरेने पाहिलं. मग उजवा झाकला. मोठं घर ओळखलं. चेंडू ओळखला. तिसऱ्या ओळीला थांबली, पुढे झुकली, खुर्चीतून उतरून भिंतीकडे चालू लागली.

"नाही नाही, तिथूनच," डॉक्टर म्हणाल्या.

"इथून नाही दिसत," मुंगी म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. डावा डोळा बघतो, म्हणाल्या. उजव्याच्या निम्मा. पट्टी अजून काही वर्षं चालू ठेवायची, आणखी सुधारेल, पूर्ण बरोबरीचा होईल असं वाटत नाही.

फोटोवाल्याने विचारलं, "चार आठवडे आधी आलो असतो तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित फरक पडला असता. कदाचित खूप पडला असता."

बाहेर बागेतल्या बाकावर तिघं बसली. गाडीला दोन तास होते. मुंगी जमिनीवरची पानं गोळा करत होती.

"कशाला विचारलंस?" बायको म्हणाली. "मी अडीच वर्षांत विचारलं नाही."

"कळावं म्हणून."

"कळलं?"

"नाही."

थोड्या वेळाने तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते, पट्टीची वेळ. तिने पिशवीतून डबी काढली. त्याने सवयीने हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "आज मी लावते. तू हात धर तिचे."

त्याने मुंगीला उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही मनगटं धरली. मुंगीने काय होणार ते ओळखलं. "नको, आई नको, बाबा सांग ना तिला," म्हणत ती मागे डोकं आपटू लागली. एक टोला त्याच्या हनुवटीला बसला, दात ओठात रुतला. बायकोने मुंगीचा चष्मा काढून खिशात ठेवला, पट्टीचा कागद सोलला, उजव्या डोळ्यावर बसवून कडा अंगठ्याने दाबल्या. हात सफाईने चालत नव्हता, एक कड दुमडली.

"वरची बाजू आधी," तो म्हणाला.

"सांग की मग नीट."

"वरची दाब, मग नाकाकडची. हं. आता सोड."

मुंगी रडत होती. बायकोने तिला त्याच्याकडून घेतलं आणि दोघं मिळून आवाज न करणारं काहीतरी शोधू लागले, तिच्या डाव्या डोळ्यापुढे धरायला.